पावणेदोन वर्षांची मुलगी पाणीच पित नाही, या उन्हात घरी काय करून देता?

वऱ्हाडी_माय

मुलगी १ वर्ष ८ महिन्यांची आहे, वजन १० किलोला टेकलंय. आम्ही अकोल्यात राहतो त्यामुळे उन्हाचं वेगळं सांगायला नको, आत्ताशी एप्रिल चालू आहे आणि दुपारी १२ नंतर गॅलरीच्या फरशीवर पाय टेकवत नाही, कूलर सकाळी नऊलाच लावावा लागतो. मेमधे नवतपा लागेल तेव्हा काय होणार देव जाणे.

प्रॉब्लेम असा की बाईसाहेब पाणी पित नाहीत. ग्लास पुढे केला की मान फिरवते, सिपर दिला की उलटा करून फरशीवर पाणी सांडते आणि त्यात बोटाने चित्रं काढत बसते, फार मन लावून. चमच्याने पाजलं तर दोन घोट घेते, तिसरा माझ्या अंगावर. दूध मात्र मागून मागून पिते, दिवसाला चार वेळा तरी होतं.

त्यात सासूबाईंनी मागच्या आठवड्यात माझ्या नकळत पाण्यात ग्लुकोज पावडर कालवून द्यायला सुरुवात केली. पोरीने अख्खा पेला संपवला म्हणून त्या खूश, आणि आता साधं पाणी दिसलं की ही कपाटातल्या त्या हिरव्या डब्याकडे बोट दाखवून रडते. मिस्टरांनी तर कहर केला, मेडिकलमधून ऑरेंज फ्लेवरचे ओआरएस लिहिलेले दोन टेट्रापॅक आणले, म्हणे रोज अर्धा अर्धा देऊ. मी अजून फोडले नाहीत.

काल सकाळी ७ ला घातलेला डायपर दुपारी १ ला काढला तर जेमतेम ओला आणि लघवी पिवळीजर्द. म्हणून इथे लिहून राहिले. घरी काय काय करून देता तुम्ही लोक? साखर किती घालता? संध्याकाळी ताक दिलं तर सर्दी होते का खरंच? सब्जा चालतो का या वयात? आणि पन्हं उष्ण पडतं असं शेजारच्या काकू म्हणतात ते काय आहे? प्लीज जरा डिटेलमधे सांगा, मला "भरपूर पाणी पाजा" हे उत्तर नकोय, तेच तर जमत नाहीये.

चिपळूणची_सून

अगं सेम, माझा लेक दीड वर्षाचा असताना हेच. आमच्याकडे ऊन तुमच्याइतकं नाही पण घाम असा की झबलं तासाभरात पिळून घ्यावं. मी कोकमावर काढला तो उन्हाळा. पण बाजारातलं तयार सरबत नको देऊ, ते म्हणजे साखरेच्या पाकात रंगाला कोकम. घरातली आमसुलं घे, दोनच, नीट धुवून अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास टाकून ठेव, मग त्याच पाण्यात बोटांनी कुस्करून गाळ. त्यात अजून वाटीभर पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड चिमूटभर, आणि गूळ एवढासा, सुपारीएवढाही नाही. रंग असा सुंदर येतो की पोरं रंगावरच भाळतात, मी पारदर्शक ग्लासात द्यायचे मुद्दाम.

एक सांगते, कोकणातून कोणी बाटली आणून दिली तर आधी बघ ती आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस आहे, की अमृत कोकम, म्हणजे साखरेतला गोड पाक. आगळात मीठ मजबूत असतं, सोलकढीसाठी ठीक आहे, बाळाच्या पाण्यात घालायला नाही. आमच्याकडे मुंबईच्या पाहुण्याने सरबत समजून आगळ पाण्यात घालून घटाघट प्यायलं होतं, त्याचा चेहरा अजून आठवतो.

आणि कोकमाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, जुनं झबलं घाल.

पेठेतला_बाबा

इथे बहुतेक आयाच दिसतायत तरी लिहितो, कारण आमच्या घरी दुपारची पाजण्याची ड्यूटी माझी आहे, वर्क फ्रॉम होम चालू आहे आणि बायको शाळेत शिकवते.

ताक. एवढंच. पण ताक पाजायचं नाही, ताक करायला लावायचं. आमची कन्या २ वर्षांची. मी खोलगट पातेल्यात दोन चमचे ताजं दही घेतो, पाऊण वाटी माठातलं पाणी ओततो आणि लाकडी रवी तिच्या हातात देतो. ती दोन्ही हातांनी रवी फिरवते, निम्मं ताक ओट्यावर, थोडं माझ्या लॅपटॉपवर (एकदा खरंच, एन्टर की अजून चिकटते), पण वर फेस आला की "झायं" म्हणून ओरडते आणि स्वतःचं स्वतः पितेच पिते. पांढऱ्या मिशा आरशात बघायला जाते मग. दही आंबट नको, सकाळचं ताजं हवं, आणि ताक इतकं पातळ की पेल्याचा तळ अंधुक दिसला पाहिजे. जिरंपूड हातावर चोळून. मीठ नावाला.

संध्याकाळी दिलं तर सर्दी वगैरे आम्हाला तरी काही झालं नाही. फ्रीजमधलं गारढोण देऊ नका म्हणजे झालं.

आता आमची चूक ऐका म्हणजे तुमची होणार नाही. मागच्या मेमधे लग्नाला जाताना रस्त्यात गाडी थांबवून उसाचा रस प्यायलो, हिने हट्ट केला म्हणून तिलाही अर्धा ग्लास, बर्फासकट. मीच म्हणालो होतो की नैसर्गिक आहे काय होतंय. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जुलाब, लग्न बाजूला राहिलं आणि आम्ही दवाखान्यात. बर्फ कसल्या पाण्याचा असतो कोण जाणे. आपल्याकडे २०१८ पासून खाण्याचा नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आहे म्हणे, पण रस गाळून हातात येईपर्यंत बर्फ निळा होता की पांढरा हे बघतंय कोण.

आजी_पासष्टी_पार

मुली, आमच्या वेळी सिपर नव्हते. चांदीचं नाहीतर पितळेचं बोंडलं असायचं, त्याने थोडं थोडं गालात सोडायचं. आता तुझी लेक मोठी आहे, बोंडलं नको, पण घोट घोट हे तत्त्व तेच. तासाला दोन घोट. पेला संपलाच पाहिजे असा आग्रह धरलास की ती नाहीच म्हणणार, पोरांना आपला आग्रह बरोब्बर कळतो.

पन्ह्याचं विचारलंस. कैरी कच्ची असते ती उष्ण, उकडून पन्हं केलं की ते थंडच. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला उगीच नाही देत आपण. देठाकडचा चीक नीट धुवून काढ नाहीतर घशाला खवखवतं. कैरी कुकरमधे दोन शिट्ट्या करून घे, गार झाली की गर काढ. मोठ्यांच्या पन्ह्यात गराच्या दुप्पट गूळ घालतो आपण, लेकराच्या वाट्याचा गर आधी बाजूला काढायचा, एक चहाचा चमचा गर, वाटीभर पाणी, गूळ चवीपुरता, वेलदोडा किंचित. तुमच्या वऱ्हाडात कैरी निखाऱ्यात भाजून करतात, माझी नणंद अमरावतीची होती, तिच्या पन्ह्याला जो धुरकट वास यायचा तो मला कधी साधला नाही.

गूळ नको असेल तर मध घाल थोडा. वाळ्याची जुडी धुवून माठात टाक, पाण्याला वास येतो, काही मुलं नुसत्या वासासाठी पितात.

डॉक्टरआई

मी बालरोगतज्ज्ञ आहे, विदर्भातच प्रॅक्टिस करते, आणि दोन पोरांची आई आहे त्यामुळे फरशीवरची चित्रकला माहीत आहे.

आधी आजींच्या मधाबद्दल, कारण इथे तान्ह्या बाळांच्या आयाही वाचत असतील. १ वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. तुमची मुलगी मोठी आहे, तिला तो धोका नाही, पण मध ही पण साखरच आणि गूळ पण साखरच. गूळ घातला म्हणजे औषध झालं असं नाही. दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर जमेल तितकी टाळा असं आम्ही सांगतो. रोज एखाद्या पेल्यात सुपारीहून कमी गूळ पडला म्हणून मी कोणाशी भांडणार नाही, पण दिवसभर जे पाणी प्यायचं ते गोड नको. तुमच्याकडे हिरव्या डब्याने तेच केलंय ना, जीभ एकदा गोडावर गेली की साधं पाणी बेचव लागतं. डबा दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवा आणि चार दिवसांचं रडणं सोसा. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांना पेला रिकामा झालेला दिसला.

आता किती लागतं. १० किलोच्या बाळाला दिवसाला साधारण १ लिटर द्रव लागतं, आणि यात सगळं धरायचं, दूध, वरणाचं पाणी, ताक, पेज, कलिंगड, काकडी. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तुमच्या उन्हात घाम धरून थोडं वर लागेल. म्हणजे लिटरभर पाणी वेगळं पाजायचं म्हणून जो ताण घेतलाय तो निम्मा कमी करा. मात्र चार वेळा दूध म्हणजे मोठे कप असतील तर पोट दुधानेच भरतंय. या वयात अर्ध्या लिटरच्या आसपास दूध पुरे, त्याहून फार वर गेलं की जेवण कमी होतं आणि लोह कमी पडतं. एक दूध कमी करून त्या जागी ताक द्या, तहान आपोआप लागेल.

मीठ: १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून २ ग्रॅम पुरे, चहाच्या अर्ध्या चमच्याहून कमी. त्यामुळे पेठेतले बाबा म्हणतात तसं नावालाच.

सब्जा नको. नीट भिजला तरी गिळगिळीत असतो, आणि नीट नाही भिजला तर घशात फुगतो. मोठी झाल्यावर द्या. कलिंगडाच्या बिया काढून द्या, आणि अख्खं द्राक्ष कधीच नाही, उभं चिरून.

टेट्रापॅक. न फोडून तुम्ही शहाणपणा केलात. त्यातल्या बऱ्याच गोड पेयांचा खऱ्या ओआरएसशी काही संबंध नसतो, साखर जास्त आणि क्षार नको त्या प्रमाणात. म्हणूनच २०२५ च्या ऑक्टोबरमधे एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला की जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयावर ओआरएस हा शब्द वापरायचा नाही. जुलाब लागलेल्या मुलाला असलं गोड पेय दिलं तर ती साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. आणि खरं ओआरएसही रोजचं सरबत म्हणून द्यायचं नसतं, ते जुलाब-उलट्यांसाठी आहे.

तशी वेळ आलीच तर पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच अख्खी पुडी घालायची. लिटरची पुडी असेल तर लिटरच. अर्धी पुडी पेल्यात अंदाजाने ढवळून देणारे रोज भेटतात मला. केलेलं पाणी २४ तासांत संपवा नाहीतर ओता. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्या चमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा, अजून हळू. सोबत झिंक लागतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुडी नाहीच मिळाली, प्रवासात आहात, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीने कड मारून. साखर थोडी चुकली तर एकवेळ चालेल, मीठ चुकून जास्त गेलं तर बाळाला धोका आहे, त्यामुळे तोंडपाठ नसेल तर लिहून फ्रीजवर चिकटवा.

सहा तास लघवी नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले, किंवा पोरगं नेहमीसारखं दंगा न करता मलूल पडून आहे, यातलं काही दिसलं तर सरबताची रेसिपी शोधत बसू नका, उचला आणि दवाखाना गाठा. तुमच्या वर्णनातली मुलगी दंगा करतेय म्हणजे घाबरायचं नाही, पण पिवळीजर्द लघवी म्हणजे कमी पडतंय हे नक्की.

मस्कतची_मावशी

आमच्याकडे बाहेर ४५ आणि आत एसी, एसीत मुलांना तहान लागत नाही हा वेगळाच ताप. मी कुल्फीचे साचे आणले. कलिंगडाचा गर बिया काढून मिक्सरमधे फिरवायचा, साखर शून्य, साच्यात ओतायचा. कधी नारळपाणी, कधी पातळ केलेलं पन्हं. लेक मांडीवर बसून चोखते, पाऊण तास चालतं ते, हात कोपरापर्यंत गुलाबी. पाणी पाजतोय हे तिच्या गावीही नसतं.

रस काढून ग्लासात देऊ नका पण, फळ खायला द्या. आमच्या इथल्या डॉक्टरने सांगितलं होतं, वर्षाच्या आत फळाचा रस नाहीच आणि १ ते ३ वर्षांत दिवसाला १२० मिलीच्या वर नको, अगदी घरचा ताजा असला तरी.

पेठेतला_बाबा

साचे भारी आयडिया. १२० मिली म्हणजे आमच्याकडचा चहाचा कप. मी मोसंबीचा रस पेलाभर देत होतो गेले दोन महिने, स्वतःची पाठ थोपटत.

करवीरची_लेक

एवढी चर्चा झाली आणि आंबिलीचं नाव कुणी काढलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या कोल्हापुरात उन्हाळा म्हणजे नाचणीची आंबील. रात्री दोन चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात गुठळी न होता कालवून झाकून ठेवायचं, सकाळी दीड वाटी पाणी उकळायला ठेवून त्यात ते हळूहळू सोडायचं आणि ढवळत राहायचं, थांबलात की खाली लागलंच समजा. रंग मातकट असतो तो गडद होऊन चकाकी येते तेव्हा शिजलं. पूर्ण गार होऊ द्यायचं, मग त्यात पातळ ताक, जिरं, मीठ किंचित. मोठ्यांना वरून कांदा-लसूण, बाळाला नको. हे पेय आणि खाणं दोन्ही आहे, जेवण न जाणाऱ्या पोरांच्या पोटात काहीतरी पडतं आणि पाणीही जातं. भाकरीचं पीठ असतं तसं बारीक दळलेलं घ्या, जाडसर असलं तर गाळा.

तांदळाची पेजही चालते, पण आंबील ती आंबील, याबाबतीत मी वाद घालत नाही.

वऱ्हाडी_माय

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. दहा दिवसांनी लिहून राहिले म्हणून सॉरी, मधे घरी लग्नाचे पाहुणे होते.

हिरवा डबा सासूबाईंनीच उचलून देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवला, डॉक्टरआईंचं उत्तर मी त्यांना वाचून दाखवलं, दोष देऊ नका वालं वाक्य मुद्दाम दोनदा वाचलं. पहिले दोन दिवस कपाटाकडे बोट दाखवून दाखवून रडली, तिसऱ्या दिवशी विसरली. टेट्रापॅक मिस्टर स्वतःच प्यायले, म्हणे पैसे दिलेत.

कोकम हिला आवडलं नाही, तोंडात घेऊन फुर्रर करून उडवलं, भिंतीवर गुलाबी ठिपके आहेत अजून. पन्हं थोडं थोडं घेते. पण रवी! रवीने काम केलं. घरात रवी नव्हती, सासूबाईंनी माळ्यावरून त्यांच्या सासूची शोधून काढली, माझ्या पोरीहून थोडीच बुटकी आहे ती. आता दुपारी चारला ही स्वतः पातेलं ओढत आणते. गंमत म्हणजे सिपरला हात लावत नाही, आजोबांच्या स्टीलच्या पेल्यातूनच हवं, ते पितात तसं एक घोट आणि "आआह". आजोबांना त्यामुळे दर तासाला दोन घोट पाणी प्यावं लागतंय, त्यांचं पण बरं झालं, ते पण कुठे पित होते.

एक दूध कमी केलं. दुपारचा डायपर आता जड असतो, लघवीचा रंग पण फिका आहे.

करवीरची_लेक, आंबील काल केली, गुठळ्या झाल्या, गाळून दिली तर अर्धी वाटी गेली. उरलेली फ्रीजमधे ठेवून दुसऱ्या दिवशी दिली तर चालते का?

करवीरची_लेक

नको, बाळाला रोज ताजी. उरलेली तू पी, कांदा घालून. आणि गुठळ्या होतात कारण तू पीठ गरम पाण्यात टाकलंस, हो ना? आधी गार पाण्यात कालव.